राठोड सर ऑटो दाबत नसत

आमच्या शाळेत सगळ्यात भित्रा माणूस कोण, असं विचारलं असतं तर शिपाई मारोतीपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी राठोड सरांकडे बोट दाखवलं असतं. राठोड सरांनीही स्वतःकडेच दाखवलं असतं. त्यांना त्याची लाज नव्हती. कुणी 'मला शुगर आहे' म्हणावं तितक्या सहज ते सांगायचे, "मी भितो, कदम सर." ते गणित शिकवायचे, मी हिंदी. आखाडा बाळापूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे त्यांची भीती मला शाळेतही भेटायची आणि घरीही.

माणसानं भ्यावं तरी कशाकशाला? मोटारसायकल लावून चार पावलं गेले की परत यायचे, स्टँड नीट लागलंय का बघायला. एस्टीत दाराजवळच्या सीटवर बसायचे नाहीत. पंख्याच्या बरोबर खाली बसायचे नाहीत. विहिरीत डोकावायचं तर एका हातानं माझी बाही धरून. दिवसाढवळ्या खिशात बॅटरी असायची. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "अंधार काय सांगून येतो का?" मी तापट माणूस. असल्या लोकांचा मला वैताग येतो. पण राठोड सरांवर चिडावं तर ते आणखी भ्यायचे, मग आपल्यालाच वाईट वाटायचं.

वर्गात मात्र ही भीती पोरांच्या कामाला यायची. गणित सुटलं की पोरं वही पुढं करायची. सर वहीकडे बघायचेच नाहीत, आधी विचारायचे, "ताळा घेतला का?" उत्तर उलटं फिरवून पडताळल्याशिवाय त्यांच्याकडून बरोबरची खूण मिळायची नाही. "उत्तर आलं म्हंजे बराबरच आलं असं न्हाई, लेकरांनो." पोरं त्यांना पाठीमागं ताळा सर म्हणायची. मी एकदा ते त्यांच्या कानावर घातलं. त्यांना बरंच वाटलं.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्याच सुमारास आमच्या शाळेला कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी एक खोली रंगवून घेतली. खिडक्यांना पडदे, दाराबाहेर चपला, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर मुख्याध्यापकांच्या घरून शिवून आलेलं फुलाफुलाचं झाकण. एवढा थाट झाला, पण शिकवणार कोण? गणितवाले म्हणून राठोड सर. ते नांदेडला शिबिर करून आले आणि पहिले काही आठवडे लाकडी पाटावर पाय ठेवून कॉम्प्युटरपुढं बसायचे, शॉक बसू नये म्हणून.

शिबिरातल्या कुणीतरी त्यांना एक सीडी दिली होती. तिच्यात एक खेळ होता. नकाशावर आपला एक सरदार घोड्यावरून फिरतो, गावं घेतो, सैन्य जमवतो. वाटेत लांडगे, सांगाडे, जादूगार, आग ओकणारे पंखवाले अजगर, असलं काय काय भेटतं. गाठ पडली की षटकोनी घरांचं एक मैदान उघडतं आणि लढाई लागते. आधी आपली चाल, मग त्यांची. तुम्ही तासभर विचार करत बसलात तरी समोरचा राक्षस गुमान उभा राहतो. सरांना हे फार आवडलं. म्हणाले, "इथं आपल्या चालीबिगर कुणी अंगावर येत न्हाई. असं बाहेर कुठं असतं का?"

मैदानाच्या कोपऱ्यात एक बटण होतं, ऑटोचं. ते दाबलं की दोन्हीकडचं सैन्य कॉम्प्युटरच लढवायचा आणि शेवटी कोण जिंकलं ते सांगायचा. सुरुवातीला राठोड सर ऑटोच दाबायचे. त्यांच्यासारख्याला दुसरं काय सुचणार? लांडगे दिसले की ऑटो दाबायचे, खुर्चीतून उठायचे आणि व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे राहायचे. आतून तलवारींचा खणखणाट, कुणाकुणाच्या किंकाळ्या. सर आपले अंगणातल्या लिंबाकडे बघत. मग मारोतीला हाक, "झालं का रे?" मारोती आत डोकावून सांगायचा, "जिंकलो, सर." मग सर आत. मी एकदा म्हणालो, "अहो, घरात बाळंतीण अडल्यासारखे काय उभे राहता?"

"तुमी हसा, सर. माझ्यानं बघवत न्हाई," ते म्हणाले.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एकदा मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथंच बसलो होतो. अगदी फालतू लढाई होती. समोर थोडे लांडगे, आणि सरांकडे तलवारवाले, बाणवाले, सालगडी अशी भरलेली पलटण. सालगडी म्हणजे त्या खेळातले काठ्या-कुदळी घेतलेले गरीब शेतकरी. हे नाव सरांनीच ठेवलेलं. सरांनी ऑटो दाबलं, बाहेर गेले, जिंकल्याचं ऐकून आत आले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी थबकले. वर विजयाची पताका फडकत होती आणि तिच्याखाली मेलेल्यांची चित्रं. बाणवाले निम्मे गेले होते. सालगडी एकही उरला नव्हता.

"ह्यानं सालगडी पुढं घातले," सर म्हणाले.

"जिंकलात ना? मग झालं."

"तलवारवाले मागं उभे व्हते, सर. चांगले चिलखतवाले. आन् ह्यानं काठीवाले पुढं घातले. काहून?"

"मशीन आहे ते. त्याला काय दयामाया?"

"दयामायेचं न्हाई म्हणत मी. त्याला जिंकायचं व्हतं, तो जिंकला. कुणाला वाचवायचं ते त्याला कुणी सांगितलंच न्हाई."

मला हसू येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते मी भाकरीबरोबर गिळलं. घरातलं माणूस गेल्यासारखे ते त्या चित्रांकडे बघत होते. त्या दिवसानंतर राठोड सरांनी ऑटोचं बटण दाबलं नाही.

आता हातानं लढायचं म्हणजे कुणाला पुढं पाठवायचं आणि कुणाला मागं ठेवायचं, ते आपणच ठरवायचं. भित्र्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. "ऑटोत मेला तर कॉम्प्युटरनं मारला. आता मेला तर मी मारला," असं म्हणायचे आणि तळहाताला घाम फुटायचा. माऊसखाली रुमाल घालून बसायचे. एका चालीला इतका वेळ लावायचे की मारोती पाण्याचे माठ भरून यायचा, तरी सर तिथंच. वीज जायची ती वेगळीच. वीज गेली की यूपीएस ओरडायला लागायचा, म्हणजे आता खेळ जपून ठेवून कॉम्प्युटर बंद करायचा. सर नेमके अशा वेळी एखाद्या सालगड्याला लांडग्याच्या तोंडून काढत असायचे. "एवढा एक काढू द्या," म्हणेपर्यंत पडदा काळा. सगळी लढाई पहिल्यापासून. मग पुढच्या दिवशी तोच सालगडी, तोच लांडगा आणि तोच घाम.

राठोड सर मूळचे ओढ्यापलीकडच्या तांड्यातले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्यांच्या आजोबांनी त्यांना त्या वाटांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. जंगलातून जाताना दुबळा बैल, गाभण गाय, बायका, लेकरं मध्ये. दांडगे बैल भोवतीनं. कुत्री सगळ्यात बाहेर. "वाघाला दुबळाच लागतो, सर. म्हणून दुबळा कधी कडंला ठेवायचा न्हाई." आजोबांची ही रीत सरांनी त्या खेळात आणली. मैदानाच्या एका कोपऱ्यात सालगडी मध्ये उभे करायचे, त्यांना चिकटून बाणवाले, आणि बाहेरून तलवारवाल्यांचं कडं. मग म्हणायचे, या आता. लांडगे यायचे, चिलखतावर दात घासायचे आणि मरायचे. कितीतरी दिवस सरांचा एकही सालगडी मेला नाही. आता सालगडी काही लढत नव्हते म्हणा, नुसते मध्ये उभे असायचे.

"मग यांना पोसता कशाला?" मी विचारलं.

"असू द्या की. आपलेच हायेत."

सरांना एकच मुलगी, पूजा. ती आमच्याच शाळेत होती आणि शाळा सुटल्यावर बापाच्या शेजारी येऊन बसायची. पोरगी तिखट होती. बापाची खुर्ची रिकामी झाली की पटकन बसायची, स्वतःचा वेगळा खेळ उघडायची आणि धडाधड ऑटो दाबत सुटायची. सर महिन्यात जेवढा मुलूख घ्यायचे तेवढा ती एका दुपारी घ्यायची. मेलेल्यांच्या चित्रांकडे तर ती बघायचीही नाही. "जिंकल्याशी मतलब, पप्पा. सालगडी काय, नवे घेता येतात." सरांना हे ऐकवायचं नाही. घरी त्यांचं बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, चालायचं, मला त्यातलं काही कळायचं नाही. पण भिंतीपलीकडे आवाज चढले आणि मधूनच 'ऑटो' ऐकू आलं की मी बायकोला सांगायचो, लागली बापलेकीची.

बाप तिला एकटीला म्हणून कुठं सोडायचा नाही. रस्त्यानं जाताना ती आतल्या बाजूला, सर बाहेरच्या. शाळेची सहल औंढ्याला नेली होती तेव्हाची गोष्ट. नागनाथाचा गाभारा खाली आहे, अरुंद वाटेनं वाकून उतरावं लागतं. सगळी पोरं उतरली. सरांनी पूजाला उतरू दिलं नाही. म्हणे आत हवा कमी, गर्दी, पाय घसरला तर? "वरूनच हात जोड. देवाला काय, वरचंबी दिसतं." पोरगी रागानं लाल झाली, पण गप्प बसली. सर पोरांच्या चपला मोजायला वळले तेवढ्यात ती गायब. सरांचा जो काही चेहरा झाला म्हणता! पांढराफटक. मी खाली जायला निघालो तोवर पूजाच वर आली, कपाळाला भस्म लावून.

"काही नाहीये खाली," ती बापाला म्हणाली. "नागनाथ आहे."

सर पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. परतीच्या वाटेवर मी त्यांना बोललो, असं किती दिवस पदराखाली झाकून ठेवणार आहात पोरीला? ते म्हणाले, "मला कळतंय, सर. पण कळून काय करू? आतल्या भीतीला कोण समजावील?"

पूजा दहावीला होती तेव्हाची एक दुपार मला चांगली आठवते. सर खेळत होते, पूजा शेजारी, मी मागं पेपर तपासत. त्या दिवशी समोर लांडगे नव्हते, जादूगारांची टोळी होती. सरांनी सवयीप्रमाणं कडं केलं. सालगडी मध्ये, बाणवाले लागून, तलवारवाले बाहेर. एका जादूगारानं हात वर केला आणि आगीचा एक गोळा कड्याच्या बरोबर मधोमध येऊन पडला. बाहेरचे तलवारवाले होरपळले, पण उभे राहिले. मधले सगळे गेले. एकजात.

सर माऊसवर हात तसाच ठेवून बसले. "मधल्यालाच मारलं," एवढंच म्हणाले.

"सगळे चिकटून उभे केले म्हणून मेले, पप्पा," पूजा म्हणाली. एरवी ती खिजवून बोलायची, त्या दिवशी हळू बोलली. "मोकळे सोडले असते तर एखादाच मेला असता. बाकीचे पळाले असते कुठंतरी."

संध्याकाळी चहाच्या वेळेला सर माझ्याकडे आले. कप हातात घेऊन बसले, चहावर साय धरली तरी पिईनात.

"वाघ असते तर आमची रीत बराबर व्हती, कदम सर," ते म्हणाले. "वाघ कडंनं येतो. आता कुठून काय येईल ते समजून न्हाई राहिलं."

"अहो, खेळ आहे तो. किती मनाला लावून घ्यायचं?"

"खेळच हाय. पण मग लेकराला ठेवायचं कुठं?"

मी त्यांना चहा गरम करून आणून दिला. त्यानंतर सरांचा खेळ कमी झाला. कॉम्प्युटरच्या खोलीत जायचे, झाकण काढायचे, पोरांना शिकवायचे, परत झाकण घालायचे.

अकरावी-बारावीला पूजा कळमनुरीला जायची. रोज सकाळी सर जीपच्या थांब्यावर. कोणता ड्रायव्हर आहे, डोळे लाल आहेत का, टायर गुळगुळीत झालेत का, सगळं बघूनच तिला बसू द्यायचे. ड्रायव्हर लोक त्यांना 'आरटीओ' म्हणायचे. बारावीला पोरीनं चांगले मार्क काढले आणि तिचा औरंगाबादला इंजिनिअरिंगला नंबर लागला. गल्लीत पेढे वाटले गेले. मी तोंडभरून अभिनंदन केलं. सरांनी पेढा हातात धरला तो धरलाच.

ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. एकटेच औरंगाबादला जाऊन मुलींचं होस्टेल बघून आले. मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, "खिडकीला जाळी हाय. कडीबी मजबूत हाय. पण जिन्यात बल्ब न्हाई." मग एके दिवशी त्यांनी घरात जाहीर केलं की आपण बिनपगारी रजा काढू, औरंगाबादला खोली करू आणि पूजा शिकेपर्यंत तिथंच राहू. राठोड वहिनींनी डोक्याला हात लावला. पूजा मात्र सरळ सांगून मोकळी झाली, "तुम्ही संगं आलात तर मी जाणारच नाही. इथंच बसते. मग ठेवा मला मधी." हे ती मराठीत बोलली, आणि इतक्या मोठ्यानं की मला वाटतं भिंतीला कान नसते तरी मला ऐकू आलं असतं. दुसऱ्या दिवशी ती आजीला भेटायला म्हणून तांड्यावर निघून गेली. कॉलेजात हजर व्हायला दोनच दिवस उरले होते, आणि बापाचं अजून ठरत नव्हतं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले, भ्यायलाही वेळ मिळाला नाही, हे एक बरं झालं. त्यांची आठवण निघाली की लोक त्यांची बॅटरी सांगतात, मोटारसायकलचं स्टँड सांगतात आणि हसतात. मीही हसतो. पण मला ते दिसतात ते त्या दिवशीचे, ओढ्याच्या काठावरचे.

दुपारी पाऊस झाला होता. आमच्याकडे फार नाही, वरच्या अंगाला जोरात. सर माझ्या दारात आले. "कदम सर, जरा ओढ्यापर्यंत चला. पूजा आज येणार हाय. मला एकट्यानं जाववत न्हाई." मी कुरकुरत चप्पल घातली. त्यांच्या मागं मोटारसायकलवर बसलो.

ओढ्यावरचा पूल बुटका, कठडा नसलेला. पाणी पुलावरून चाललं होतं. तांबूस, जोराचं पाणी, त्यात तुऱ्हाट्या आणि कुणाचं तरी मोडकं टोपलं वाहत होतं. आदल्या वर्षी याच पुलावरून एक ट्रॅक्टर गेला होता, त्याची ट्रॉली पार खाली बाभळीत सापडली होती. अलीकडे दहा-पाच माणसं उभी होती. पलीकडे एक काळी-पिवळी जीप, तुडुंब भरलेली. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, पूजा.

"येऊ दे, येऊ दे," आमच्या बाजूची माणसं हात हलवून ओरडत होती. "गुडघाभर तर हाय."

"थांबव रे," सर ओरडले. पाण्याच्या आवाजात मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही. त्यांनी दोन्ही हात उंच करून आडवे हलवले. शेजारचे 'ये' म्हणून उभे हलवत होते. पलीकडच्याला त्यातून काय कळणार, कपाळ? ड्रायव्हरनं जीप सुरू केली. धूर निघालेला दिसला.

सर पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत गेले असतील, मी त्यांची कॉलर धरली. "कुठं निघालात? तुम्हाला पोहता येतं का?"

"ती न्हाई उतरायची, सर," ते म्हणाले. "तिला घाई असते. सगळे बसलेत तर तीबी बसंल. मला म्हाईत हाय माझं लेकरू. ती न्हाई उतरायची."

मी कॉलर सोडली नाही. खोटं कशाला सांगू? हा माणूस आयुष्यभर कशालाही भ्यायचा आणि आम्ही हसायचो, पण त्या क्षणी मीही त्यांच्याइतकाच भ्यालो होतो. जीप पुलाच्या तोंडाशी आली. पुढची चाकं पाण्यात गेली. आणि थांबली.

पुढचं दार उघडलं. पूजा खाली उतरली. ड्रायव्हर हातवारे करून काहीतरी बोलत होता, ती मान हलवून त्याला नाही म्हणत होती. मग ती मागं गेली. मागचं फाळकं तिनं स्वतःच पाडलं. एका म्हातारीला हात देऊन खाली घेतलं. एका बाईच्या कडेवरचं लेकरू आधी घेतलं, मग त्या बाईला उतरवलं. आणखी एक बाई आपणहून उतरली. पुरुष माणसं काही उतरली नाहीत, दोघंतिघं तर हसत होती. पूजानं त्यांना काय सांगितलं असेल ते असो, त्यांनी ऐकलं नाही, आणि ती त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. बायांना घेऊन मागं, चढावर जाऊन उभी राहिली. या सगळ्यात तिनं आमच्या बाजूला एकदाही बघितलं नाही. बाप इकडं पाण्यात उभा आहे हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं.

जीप निघाली. मध्यावर पाणी बोनेटला लागलं, मागचा भाग जरासा सरकला आणि आमच्याकडच्या लोकांचा आवाज बंद झाला. मग इंजिननं जोर धरला आणि जीप पाणी गाळत आमच्या बाजूला चढून आली. कुणाला ओरखडा नाही. माणसं उड्या टाकून उतरली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली.

ड्रायव्हरनं सरांना ओळखलं. "काय आरटीओ साहेब," तो म्हणाला, "तुमची पोरगी लई भित्री हाय हो. बापावर गेली."

सर त्याच्याकडे बघतही नव्हते. ते पलीकडे बघत होते.

भीती उतरली की मला राग येतो. मी चिडूनच म्हणालो, "सर, जीप तर आली की धड. उगाच त्या बायांना चिखलात उभं केलं पोरीनं."

"जीप आली म्हणून काय झालं, कदम सर?" ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला कान जवळ न्यावा लागला. "तिला उतर म्हणणारं तिथं कुणी न्हवतं. मी तर इकडं व्हतो."

पलीकडे पूजानं त्या बाईचं लेकरू कडेवर घेतलं, म्हातारीचा हात धरला आणि सगळ्याजणी तांड्याच्या वाटेला लागल्या. रात्र तांड्यावरच काढायची, असं तिनं ठरवलेलं दिसलं. सरांनी दोन्ही हात वर केले. हाक मारायला तोंड उघडलं. मी वाट बघत होतो की आता ते काहीतरी सांगतील, वाट निसरडी आहे, सांभाळून जा, लेकरू नीट धर, असलं काहीतरी. त्यांनी हात खाली घेतले आणि तोंड मिटून घेतलं.

"औरंगाबादला एकटीच जाऊ द्या तिला," ते म्हणाले. "मी न्हाई जात संगं."

एवढं बोलून ते रस्त्यावरच मटकन खाली बसले, चिखलात. मी काखेत हात घालून उठवायला लागलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"थांबा जरा, सर. ती त्या वळणापल्याड जाईस्तोवर बसू द्या मला इथं."